हाताला कळतील अशा तलवारी

माय, मी सध्या तलवारी करते. बोटाएवढ्या, पॉलिमर क्लेच्या. ही प्लास्टिकसारखी माती असते. मळून आकार द्यायचा, घरच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजायची, की टणक होते. पिंप्राळ्याच्या घरात दुपारच्या पोळ्या झाल्या की मी ओटा पुसते, त्यावर एक गुळगुळीत फरशी ठेवते आणि बसते. तलवार, कट्यार, दांडपट्टा, ढाल. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे काय काढलंय, असं शेजारणी विचारतात. तू असतीस तर तूही विचारलं असतंस, जरा आवाज चढवून.

चढवला होतासच एकदा. अमळनेरच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. तू तिथे पोळ्या लाटायला होतीस. मी शाळेतून येऊन परातीशेजारी बसलेय, कणकेचे गोळे लांबवून पाटाच्या कडेला एकेक तलवार मांडतेय. तू तव्यावरून वळून बघतेस. ‘‘हाई काय शे व? पोरे भुक्या बठेल शेतस, अन् तू कणिकन्या तलवारी करी राहिनी? बठ्ठी मोड अन् परत मय.’’ मी रडत रडत सगळ्या मोडल्या आणि मळल्या. त्यांच्या पोळ्या झाल्या, त्या मुलांनी खाल्ल्याही. रात्रीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, झालं, पुन्हा या गोष्टीचं नावही काढायचं नाही.

आणि त्याच महिन्यात तू एका दिवसाची सुट्टी काढलीस, मला एसटीत बसवलंस आणि धुळ्याला नेलंस. कशाला, ते सांगितलं नाहीस. तिथल्या वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटात जुन्या तलवारी होत्या. मी नाक काचेला लावून उभी. तू पहारेकऱ्याला विचारलंस, ‘‘भाऊ, मूठ हातमा धरी देखू का? पोरले दखाडनी शे.’’ तो म्हणाला, ‘‘बाई, काचेला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही.’’ तू मान हलवलीस आणि मला पुढे ढकललंस. ‘‘नीट देखी ले. घर जाईसन मातीन्या कर. कणिकन्या नको.’’ त्या दिवशी आपण स्टँडवर भजी खाल्ली. तुझ्यासोबत मी केलेला तेवढाच एक प्रवास, ज्यात कुणाचं लग्न नव्हतं की मयत नव्हती.

आता खरं सांगायचं ते. गेल्या दिवाळीच्या आधी जळगावात बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मीही एक टेबल घेतलं. लोक थांबत, फोटो काढत, किती बारीक काम म्हणत. मी फुगले होते. तिसऱ्या प्रहरी एक सर आले, अंध मुलांच्या शाळेत इतिहास शिकवणारे. स्वतःही अंध. विचारून एक तलवार उचलली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

‘‘ताई, यात मूठ कुठे संपते?’’

‘‘तिथे रंग बदललाय ना, सोनेरी...’’ बोलून गेले आणि जीभ चावली.

ते हसले. ‘‘रंग माझ्यापर्यंत येत नाही. हे तलवारीचं चित्र झालं. मला तलवार हवी. आमची मुलं लढायांचे धडे पाठ करतात, पण कट्यार आणि तलवार यांत फरक काय, ते त्यांना कुणी हातात दिलेलं नाही. तुम्ही द्याल?’’

मी हो म्हणाले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. डोळे मिटून करायला बसले तर बोटं बावरली. मुठीवरचे वेढे सुईने खोल कोरावेत तर पातं वाकायचं. आत तार घातली तर भाजताना क्लेला तडे जायचे. एप्रिल लागला आणि आपल्या जळगावच्या उन्हात ती माती लोण्यासारखी व्हायला लागली. बर्फाच्या वाटीत बोटं बुडवायची, पुसायची, दोन रेघा ओढायच्या, पुन्हा बुडवायची. एकदा तर कमी भाजलेला अख्खा घाणा माझ्याच हातात कटाकट मोडला. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘‘सरांना सांगून टाक, जमत नाही म्हणून. रागावणार नाहीत ते.’’

‘‘रागावणार नाहीत, माहीत आहे. पण जमत नाही हे मी अजून म्हटलेलं नाही.’’

त्यांनी फ्रीजमधून आणखी बर्फ काढून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी पहिला डबा घेऊन गेले. मुलांनी कट्यारीची आडवी मूठ ओळखली, ढालीवरची फुलं मोजली. मी सुखावले. मग सातवीतली एक मुलगी, दांडपट्टा पुन्हा पुन्हा चाचपणारी, म्हणाली, ‘‘काकू, यात कोपरापर्यंत हात घालतात म्हणता. माझं तर बोटही जात नाही. लढणारे एवढे लहान होते का?’’

खरी तलवार केवढी, हे मी तोंडाने सांगितलं होतं, हाताला सांगितलंच नव्हतं. मी डबा परत आणला आणि त्या शस्त्रांच्या मापाची एक बाई करायला घेतली. वीतभर उंच, कासोटा घातलेली, पाय रोवून उभी. तिची मूठ पोकळ ठेवली, म्हणजे कुठलंही शस्त्र त्यात बसेल. एका हाताला दांडपट्टा कोपरापर्यंत चढतो. खांदे मोडले, पुन्हा केले. मनगट चार वेळा केलं. आधी बाई चाचपायची, मग तिच्या हातात शस्त्र द्यायचं, असं ठरलं.

परवा ती घेऊन गेले. त्या मुलीने पायापासून सुरुवात केली, कमर, खांदा, मग दांडपट्ट्यात गेलेला हात. आणि तिने स्वतःचा हात तसाच पुढे केला, कोपर ताठ, पाय रोवून. वर्गातल्या मोकळ्या जागेत तिने पाय आपटून एकदा वार केला. सर म्हणाले, ‘‘काय झालं? आवाज कसला?’’ मी म्हटलं, ‘‘सर, ती लढतेय.’’ आता बाकीच्या वर्गांसाठी आणखी करायच्या आहेत. भाला राहिलाय, धनुष्य राहिलंय, आणि ते मी करणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या मुलीने बाईच्या तोंडावरून बोट फिरवलं तेव्हा विचारलं होतं, ‘‘ही कोण?’’ मी म्हटलं, ‘‘कुणी नाही, अशीच.’’ माय, ती बाई म्हणून मला तुलाच घडवायचं होतं. पण तुझा चेहरा मला फोटोशिवाय आठवेना, आणि फोटोत तू पदर ओढून बाजूला बघतेस. माझं नाक तुझ्यावर गेलंय, असं सगळे म्हणायचे. शेवटी मी आरसा समोर ठेवला आणि माझंच नाक केलं.