डाव्या हाताची विहीर

९ एप्रिल
आज दुपारी डेअरीच्या गच्चीवर डोळा दुर्बिणीला लावला आणि तिथंच सगळं बदललं. लिहून ठेवतो.

जनावरं चारा छावणीत, त्यामुळं गावात दूध नाही. डेअरीला कुलूप. गच्ची तेवढी आमच्या आकाश मंडळाला वापरायला दिलीय. शनिवारी शाळेतल्या पोरांना चंद्र दाखवायचा, म्हणून एकटाच दुर्बीण जुळवायला गेलतो. नेहमीप्रमाणं साखर कारखान्याच्या चिमणीवर जुळवली. यंदा ऊसच नाही, चिमणीला धूर नाही. जुळवायला झकास. मग सहज नळी खाली केली.

तळ्याच्या कोरड्या पोटात दोन विहिरी. डावी गावाची, पिण्यासाठी राखलेली. उजवी डेअरीच्या चेअरमनची, त्याच्या मोसंबीसाठी. नुसत्या डोळ्यांना दोन पांढरे ठिपके. दुर्बिणीत जुळ्या बहिणी. आणि डाव्या विहिरीवर चेअरमनचा ट्रॅक्टर, मागं टँकर, पाइप आत सोडलेला. शेजारी बाजेवर कुणीतरी आडवं पडलेलं.

दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, जमीन वर आणि आकाश खाली. ते मनात सरळ केलं. सवयच आहे.

गावाच्या विहिरीचा राखणदार कोण? दगडूकाका. मनीषाचे वडील.

डोकं सणकलं. जिना कसा उतरलो आठवत नाही. खाली घागरींची रांग लागलेली, टँकरची वाट बघत. ओरडलो, "हितं काय बसलाव? तुमचं पानी मोसंबीला चाललंय! दगडूकाकानं इकलं!"

'इकलं' हे मी पाहिलं नव्हतं. तोंडातून गेलं.

गावातल्या पोरांचा म्होरक्या बाळ्या रांगेत होता, त्यानं घागर तिथंच फेकली. पाच-सहा मोटारसायकली. मी शेवटच्या गाडीवर मागं बसून. पोचलो तर ट्रॅक्टर गेलता. दगडूकाका विहिरीच्या कडेला उभे. "आरं, सकाळी गावाचा टँकर भरला, त्याची वल हाय ती." ओली जमीन बघितल्यावर कुणी ऐकतंय का. मी हात लावला नाही. थांबवलंही नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

१० एप्रिल
दगडूकाकांचा उजवा हात मोडलाय. बीडला नेलंय. आय म्हणाली, "पोरं म्हनत्यात तूच पाह्यलंस. खरं का रं?" हो म्हणालो. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही, पण परत माझ्याकडं बघितलं नाही.

चौकात बाळ्यानं खांद्यावर हात टाकला. "संत्या, वाघ हायेस बे. पर एक सांगू? खोटं निघालं आसतं तर तुला बी तसाच तुडवला आसता." हसला. मीही हसलो. 

११ एप्रिल
झोप नाही.

माघात काय झालं ते आठवतंय सारखं. म. साठी, मनीषासाठी, मी स्वतःच मागणी घालायला गेलतो, मधे कुणी न घालता. दगडूकाका बाजेवरून उठलेही नाहीत. "बी.एस्सी. अर्धी टाकून आलेलं पोरगं चांदन्या बघत बसतंय. माझी पोरगी काय चांदन्या शिजवून खाईल व्हय?" शेजारचे हसले. त्या दिवशी मनात काय आलं ते इथं लिहिणार नाही.

पण पाहिलं ते पाहिलं. डावी विहीर. स्वच्छ दिसत होती.

१२ एप्रिल
सरवदे सर आले. मंडळ त्यांनीच काढलं, दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला, अख्खा एक पावसाळा. पाऊस नव्हताच, म्हणून वेळ मिळाला असं म्हणतात. जयंतीच्या तयारीत होते, हाताला निळा रंग लागलेला.

एवढंच विचारलं, "काढलं होतंस?"

मंडळाचा नियम. दुर्बिणीत दिसेल ते आधी कागदावर काढायचं. मग कागद फिरवायचा. मग तोंड उघडायचं. पहिल्या दिवसापासून घोकून घेतलाय. चंद्रावरच्या एका खड्ड्यासाठी सरांनी मला तीनदा चित्र काढायला लावलंय.

"न्हाई काढलं सर. घाईत..."

सर उठले. चहाही घेतला नाही.

१३ एप्रिल
म. आली. भर दुपारी, सगळ्यांदेखत, आमच्या दारात. आय आत गेली.

"रांगेत बायांनी माझ्या आयची घागर बाजूला काढली. मी भांडले न्हाई. आदी तुला इचारते. तू सोता पाह्यलंस?"

"हो."

"दुर्बिणीतून?"

"हो."

"डावी विहीर?"

"डावी."

ती उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "बाबा दवाखान्यात माझी शपथ घिऊन सांगत्यात, मी न्हाई इकलं म्हनून. मी त्यांला म्हनलं, दुर्बीण खोटं बोलत न्हाई. त्यांच्याशी बोलनं सोडलंय मी."

मंडळात माझ्या आधीपासून आहे ती. शनीची कडी पहिल्यांदा तिनंच दाखवली मला, माझी मान धरून. स्वतःच्या बापापेक्षा तिनं माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवला. मला उड्या माराव्याशा वाटायला हवं होतं. मी नजर चुकवली.

का?

१५ एप्रिल
चेअरमननं निरोप धाडला, डेअरीच्या गच्चीवर उद्यापासून कुणी चढायचं नाही. दुर्बीण फोडतील म्हणून मंडळातला शब्बीर आणि मी ती उतरवायला गेलो. नळी त्यानंच त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात पत्रा वाकवून बनवलेली, त्याला जीव की प्राण. म्हणाला, "रुक जा, एकदा आखरी बघू दे." त्याच्या दुकानाकडं वळवली. डोळा लावला आणि खदाखदा हसायला लागला.

"अबे संत्या, माझी दुकान पिंपळाच्या ह्या अंगाला कवा गेली? मी तर डाव्या हाताला ठेवून आलतो!"

मीही हसायला तोंड उघडलं.

ते तसंच उघडं राहिलं. नुसतं खाली-वर नव्हे. डावं-उजवंही. मला माहीत होतं. गेल्या वर्षी मीच हे शाळेतल्या पोरांना फळ्यावर शिकवलंय.

शब्बीर म्हणाला, "काय झालं बे, तुझं तोंड कावून असं?" उन्हाचं, म्हणालो. नळी खाली आणताना माझ्या हातून दोनदा निसटली.

१६ एप्रिल
दार लावून चित्र काढलं. चिमणी. तळ्याचा काठ. दोन विहिरी, डाव्या विहिरीवर ट्रॅक्टर, बाज. जसं दिसलं तसंच, उलटं. मग कागद फिरवला.

ट्रॅक्टर उजव्या विहिरीवर गेला. चेअरमनच्या. त्याचीच विहीर, त्याचाच टँकर. बाजेवर त्याचाच गडी असणार. दगडूकाका तिकडं दुसऱ्या काठाला राखण करत बसलेले. बरोबर जिथं असायला पाहिजे तिथं.

पुन्हा काढलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा उजवी.

खालचं वर केलं, डाव्याचं उजवं करायचं राहिलं. विसरलो? का त्या विहिरीवर दगडूकाका असावेत असं मलाच हवं होतं? माघातली ती बाज आणि ही बाज...

बाहेर मोटारसायकल थांबली की कागद वहीत लपवतो.

१७ एप्रिल
बाळ्या येऊन गेला. रविवारी देवळापुढं बैठक. दगडूकाकाची राखण काढायची, घराला टँकरचं पाणी बंद. "आन् ऐक, मनी सोता उभी ऱ्हानार हाय. बापाच्या इरोधात बोलनार. म्हनली, संत्यानं पाह्यलंय ते खरं हाय."

जेवण गेलं नाही.

पळून जावं. छावणीत बापाकडं जावं, शेण उचलावं, कुणाला दिसूच नये. बाप विचारणार नाही. आय विचारेल. म. विचारणार नाही, तिला कळेल.

१८ एप्रिल
सरांकडं गेलो. कागद पुढं ठेवला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना त्या दिवशीच, मी काढलं नाही म्हणालो तेव्हाच, कळलं होतं. "डेअरीपासून विहिरी कुठं, नळी कशी, मला पाठ आहे."

"मग तुमी कावून सांगितलं न्हाई?" मी ओरडलोच. "तिकडं हात मोडलाय त्यांचा! तुमचं ऐकलं आसतं लोकांनी!"

सर घाबरलेत हे तेव्हा दिसलं. पोरं म्हणतील, मास्तर चेअरमनला मिळाला. बदली, मार, काहीही. त्यांनी लपवलं नाही. "भ्यालो मी, संतोष. सहा दिवस भीतोय. वाटलं होतं तू येशील." मग म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. पण बोलायचं तू. ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं."

मी म्हणालो, तुम्ही येऊ नका. रागात म्हणालो. आता वाटतंय, यावेत.

१९ एप्रिल, रविवार
सकाळ. भोंग्यावरून बैठकीची हाक सुरू झालीय. खिडकीतून बाळ्याची गाडी दिसतेय, देवळापुढं. पोरं जमलीत. म. तिच्या आयला घेऊन आली, वेगळी उभी आहे. तिनं केस घट्ट बांधलेत, वक्तृत्व स्पर्धेला बांधायची तसे.

ती बोलायच्या आत पोचायला हवं.

 बाळ्या काय करेल माहीत आहे. ती काय करेल हे माहीत नाही, त्याचीच जास्त भीती. दगडूकाकांच्या हाताचं काय सांगू? तो तर फिरवून सरळ होणार नाही.

आय दारात येऊन म्हणाली, "कुटं निगालास?"

"देवळापुढं."

"काय बोलनार?"

"खरं."

तिनं तांब्याभर पाणी दिलं. अख्खा तांब्या, या दिवसांत. अर्धा प्यालो, अर्धा परत ठेवला. ती म्हणाली, "मी यिऊ?" मान हलवली. हो का नाही, माझं मलाच कळलं नाही. ती पदर खोचतेय.

कागद खिशात आहे. वही फळीवर ठेवतोय.

निघालो. दार मागं ओढून घेतो.