धुतलेले डबे

१० एप्रिल १९७३
महिला मंडळात आज 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवलं. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे शेतकी सोसायटीच्या गोदामामागं पडून होते. आमचे हे तिथले सेक्रेटरी, त्यांनीच दिले. सोडा घालून उकळत्या पाण्यानं तीनदा धुतले, तारेच्या कड्या लावून घेतल्या. टँकरवरच्या रेटारेटीत घागरी फुटतात, हे फुटायचे नाहीत. सोजरबाईनं दोन नेले. चांगली वस्तू वाया का घालवायची, असं मी बोलले. बायकांना पटलं.

१३ एप्रिल
सोजरबाईची सुमन, माझ्या सातवीतली. प्रार्थनेतच कोसळली. हातपाय ताठ, दातखीळ. दुष्काळी खडीच्या कामावरची जीप मिळाली म्हणून धाराशिवच्या दवाखान्यात पोचली तरी. गाव म्हणतं, ऊन लागलं. सकाळी आठला कसलं ऊन? पण मीही मान डोलावली.

१५ एप्रिल
सोजरबाईच्या घरी जाऊन डबा हुंगला. नुसता पत्र्याचा वास. मग आतला सांधा नखानं खरवडला. फवारताना शेतात येतो तोच वास.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, गप्प बस, आधी माझी नोकरी जाईल, मग तुझी.
आमच्या घरातही एक डबा आहे. पिठाचा. चार दिवस पोरी त्यातल्याच भाकरी खातायत. दोघींचे हात धरून बघितले, कापतात का. पीठ खड्ड्यात टाकलं.

१६ एप्रिल
एस्टीनं धाराशिव. सुमन शुद्धीवर आहे, बोलताना अडखळते. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते. काय लिहिलं, विचारायचा धीर झाला नाही. नंतर सोजरबाईला बाहेर नेऊन सांगितलं, की डबे मीच धुतले होते. ती म्हणाली,
"बाई, तुमी तर भल्यासाठीच दिलं व्हतं."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
दारोदार डबे मागत फिरले. कुणी देईना. शेजारची सीताक्का डबा पोटाशी धरून बसली. "मग पानी काय पदरात आनू?" सुमनचं ऐकल्यावर दिला. घरातली आमची कळशी तिला देऊन आले.
डबे भंगारवाल्याकडं. पत्रा वितळतो, नवं काहीतरी होतं, असं हे म्हणाले. आज मी जेवले.

२२ एप्रिल
परंड्याचा बाजार. किल्ल्याच्या वाटेवर एकजण हिरवे डबे मांडून बसलेला. रंग नवा, कड्या माझ्याच. विचारलं तर म्हणाला, भंगारवाल्याकडनं आणले, वितळवायला एवढ्या लांब कोण नेतंय?
उरलेले सगळे घेतले. दोन मात्र सकाळीच गेले होते.
"कुणी नेले?"
"सीना नदीकडची बाई हाय. लेकरू व्हतं कडंवर. गाव न्हाय ठावं."

२४ एप्रिल
परसात डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली. पुरायला खड्डा घेतला आणि हात थांबला. विहीर वीस पावलांवर. पिठाचा तो खड्डाही तिथंच जवळ... ओढ्यात टाकले तर पाऊस आल्यावर खालच्या गावांना. भंगारात तर नाहीच.
पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, काही फेकू नका. फेकलेलं कुठं जातं आणि ठेवलेलं कुठं जातं, मलाच माहीत नव्हतं.

२५ एप्रिल
सकाळची शाळा सुटल्यावर सीनाकाठची दोन गावं पायी. टँकरच्या रांगेत कडेवर लेकरू घेतलेल्या किती बाया. एकेकीचं भांडं बघत गेले. माझ्याकडं संशयानं बघायच्या. हिरवा डबा नाही.
घरी आल्यावर ह्यांनी माझे पाय बघितले. मग म्हणाले, उद्या रजा टाकतो, सायकलवर जाऊ.
नदीपात्राच्या पलीकडं पाच-सहा घरांची वस्ती आहे. टँकरवाला सांगत होता, तिथलं कालपासून कुणीच पाण्याला आलेलं नाही.
आधी तिकडं.