लाल ट्रकमधला तो पुरुष

हेझेल फोर्क, केंटकी
९ जून १९९२

ती. ओपलआईंना आर्डिथचा सा. न. वि. वि.

तुमच्या चिरंजीवांचं गाणं आमच्या डोंगरातही येऊन पोचलं. पेट्रोलपंपावर तेच, वाण्याकडे तेच, मी शाळेत पोरांचं जेवण रांधते तिथल्या रेडिओवरही तेच. मंगळवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये साठेक माणसं रांगा धरतात, पट्ट्यात अंगठे खोचतात, टाच आपटतात, वळतात, पुन्हा टाच आपटतात. नवे बूट घालून केलेल्या कवायतीला आता नाच म्हणतात म्हणे.

गाण्यातली बायको लाल ट्रकमधून पळते, स्टिअरिंगवर परका पुरुष, आणि बिचारा नवरा दारात आसवं गाळतो. तुमचा रँडल मी निघाले त्या सकाळी दारात नव्हता, सोफ्यावर घोरत होता. आदल्या दिवशी त्याने माझं मनगट मोडलं होतं, हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून ट्रक तुम्ही चालवलात. माझी कार्ला चार वर्षांची, आपल्या दोघींच्या मधे झोपलेली. मला याच मुलाच्या घरात म्हातारपण काढायचंय, कुठे बोलू नकोस, असं तुम्ही सांगितलंत. नऊ वर्षं बोलले नाही.

पण आता वाण्याकडची नॉर्मा पावाबरोबर विचारते की तो पुरुष कोण, आपल्यातलाच का. पाद्रीबाबांनी माझा रविवारचा मुलांचा वर्ग ‘थोडे दिवस’ दुसरीकडे दिला. आठ वर्षं शिकवत होते मी. तुम्हाला दोष देत नाही. फक्त कुणाला तरी लिहायचं होतं.

तब्येत जपा. लोभ आहे, तो या गाण्याहून जास्त टिको.

आपली,
आर्डिथ

नॅशव्हिल
२१ जून १९९२

चि. आर्डिथ हिला अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. इथे तर चोवीस तास तो गोंधळ. रँडलने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालर लावलेलं जाकीट शिवून घेतलंय, त्यात तो दिवाणखान्यातल्या दिव्यासारखा दिसतो. गाण्यात तीन सूर, चौथा त्याला कधी सापडलाच नाही. लहानपणी चर्चमध्ये त्याला मागच्या ओळीत उभं करायचे, ते उगाच नव्हे.

गाण्याच्या कंपनीच्या एका पोराने मला विचारलं की सून पळाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं. मी म्हटलं, पाय दुखत होते. त्याने तेही लिहून घेतलं.

तुझ्या वर्गाचं वाचून घास उतरला नाही. पण मी एक्काहत्तरची, डोळ्यांत मोतीबिंदू, छप्पर त्याचं. हिंमत कमी पडते, हे तुझ्यापासून लपवून काय करू? ऑगस्टमध्ये तुमच्या जिल्ह्याच्या जत्रेत त्याचा कार्यक्रम आहे. आईला मंचावर बसवायचं म्हणतोय, लोकांना आवडतं म्हणे. तू येऊ नकोस.

माया आहे तशीच ठेव.

ओपल

हेझेल फोर्क
३० जुलै १९९२

ती. ओपलआईंना सा. न. वि. वि.

मी जत्रेला येणार नव्हतेच. पण कार्ला जाणार. तिच्या शाळेच्या पोरी त्याच गाण्यावर नाचणार आहेत, ही पहिल्या रांगेत. काल तिने जेवताना विचारलं की आई, गाडी चालवणारा तो कोण होता, खरं सांग, मी रागावणार नाही. माझ्या पोरीने मला माफ करायची तयारी ठेवली होती. मी मक्याचा पाव कापत राहिले. म्हटलं, चांगलं माणूस होतं.

ती ताटावरून उठून गेली.

तुम्ही काही करावं म्हणून लिहीत नाही. वचन तुमचं आहे, ते मोडायचं तर तुम्हीच.

आर्डिथ

नॅशव्हिल
१७ ऑगस्ट १९९२

चि. आर्डिथ हिला अ. आ.

कार्लाने सांगितलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

रँडलने मला हाताला धरून पुढे आणलं. लोकांना म्हणाला की या माउलीनेच मला त्या दुःखातून सावरलं. मग माईक माझ्यापुढे धरला. मला दिसत नाही नीट, पण पहिल्या रांगेतली निळ्या रिबिनीची पोर दिसली. तुझ्यासारखीच मान ताठ.

मी म्हटलं, ट्रक मी चालवत होते. सुनेचा हात मोडला होता, तो या माझ्या मुलाने मोडला, तिला स्टिअरिंग धरता येईना. परका पुरुष बिरुष कोणी नव्हता.

मागचे हसले, त्यांना विनोद वाटला. रँडलने हसून ढोलवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. मागच्या रांगा लागल्या टाचा आपटायला, शब्द ऐकतो कोण. पण कार्लाने अंगठे पट्ट्यातून काढले आणि उभी राहिली. तिच्या बाजूची उभी राहिली, मग तिच्या बाजूची. सगळी पहिली रांग खांबासारखी. मागचे वळले ते सरळ त्यांच्यावर येऊन आदळले. टोप्या पडल्या, एक जाडा माणूस बसलाच. असा सुंदर नाच मी आयुष्यात पाहिला नाही.

घरी रँडलने विचारलं की नऊ वर्षं मला का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. तू उठल्यावर फक्त ट्रक कुठाय एवढं विचारलं होतंस. आता सामान बांधते आहे. त्याने जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

तुझ्याकडे आले तर चालेल ना? संकोच न करता कळव.

ओपल

हेझेल फोर्क
२१ ऑगस्ट १९९२

ती. ओपलआईंना सा. न. वि. वि.

कधी निघताय ते कळवा, बसस्टँडवर मी असेन. डॉक्टरांकडे तुमच्या डोळ्यांची वेळ घेतली आहे.

पाद्रीबाबा पीचचा गोड पदार्थ घेऊन आले होते. वर्ग परत घे म्हणाले. मी भांडं ठेवून घेतलं आणि विचार करते म्हटलं. बघू देत त्यांनाही ‘थोडे दिवस’ वाट. नॉर्मा आता विचारते की मनगट पावसात दुखतं का. दुखतं.

हॉलमध्ये मंगळवारी तेच गाणं वाजलं, आणि निम्मे लोक नाचलेही. ते थांबायचं नाही.

कार्ला जत्रेतून आली ती सरळ स्वयंपाकघरात. माझा उजवा हात हातात घेऊन मनगटावरून बोट फिरवत बसली. तुमचं पत्र आल्यावर तिने आपल्या खोलीत तुमच्यासाठी एक खाट खिडकीजवळ लावली, स्वतःची दाराकडे ओढली.

लवकर या.

तुमची,
आर्डिथ