खिडकीत राहिलेली बाटली

३ मार्च, सोमवार
धाकटी पुन्हा दाखल! वर्षभरात तिसऱ्यांदा. पोट धरून गडाबडा लोळते, आणि सोनोग्राफीत काहीच नाही. सर्जन म्हणाले, "उद्या दुपारी चारला उघडूनच बघू." तिच्या नवऱ्याने मला जिन्यात गाठलं – "ताई, तुम्ही सांगा, खरंच दुखतं का हिला? की नाटक?" मी याच हॉस्पिटलच्या लॅबमधली, म्हणून मला विचारलं. "मनाला लावून घेते जरा," म्हणाले मी. सख्ख्या बहिणीबद्दल! लाज वाटतेय लिहिताना.

४ मार्च
आज मोठा गाढवपणा केला. धाकटीच्या लघवीची बाटली सकाळी आठला हातात आली, तेवढ्यात उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची झुंबड. बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली ती ठेवलीच. भर उन्हात! दोन तासांत तपासायची असते हे शिकाऊ मुलींना मीच दरडावून सांगते. जेवायच्या सुट्टीत आठवलं. बघते तर सकाळी पिवळी होती ती आता गडद लाल. बाटली बदलली? चिठ्ठी वाचली – तिचीच, माझ्याच अक्षरात.

बेसिनमध्ये ओतून टाकावी, नवीन मागवावी, कुणाला पत्ता लागणार नाही – हे मनात आलं. आलंच. नळसुद्धा सोडला होता. मग म्हटलं, रक्त असेल तर निदान कळू तरी दे. पट्टी बुडवली. रक्त नाही! एवढी लाल, आणि रक्त नाही?

तशीच भिंगवाल्या सरांकडे गेले. (लॅबचे प्रमुख. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही.) सगळं कबूल केलं. आता आपली बिनपाण्याने होणार, असं धरूनच चालले होते. सरांनी बाटली उजेडात धरली आणि हसायलाच लागले. "ओतली असतीस ना, तर जन्मभर बोललो नसतो तुझ्याशी!" लगेच सर्जनना फोन – "तिला हात लावू नका आज." तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५ मार्च
सरांनी पाठकोऱ्या कागदावर काढून समजावलं. रक्तातला लाल रंग शरीर आठ पायऱ्यांनी बनवतं. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, राबतं. धाकटीच्या एका जनुकात बदल आहे, म्हणून तिसऱ्या पायरीवरचं विकर निम्मंच बनतं. एरवी तेवढ्यावर भागतं. पण पोट उपाशी राहिलं किंवा काही ठरावीक औषधं पोटात गेली, की अलीकडच्या पायऱ्यांवर कच्चा माल तुंबतो आणि नसांना छळतो, कधी कधी मेंदूलाही. म्हणून ते दुखणं. म्हणून रक्तातलं सोडियम दरवेळी खाली. तोच माल लघवीत उतरतो आणि उन्हात लाल होतो. भूल द्यायच्या काही औषधांनी तर जिवावरच बेतलं असतं म्हणे!

आणि आम्ही काय करत होतो? दरवेळी "पोटाला आराम" म्हणून तिला उपाशी ठेवत होतो! आता ग्लुकोज चालू केलंय. सरांना पॉर्फिरियाचा संशय आहे, खात्रीसाठी नमुना मोठ्या लॅबला गेलाय.

७ मार्च
धाकटीने स्वतःहून जेवण मागितलं, वर मीठ कमी म्हणून नाक मुरडलं. सुधारतेय बया!

११ मार्च
रिपोर्ट आला. पॉर्फिरियाच. औषध मिळतं, पथ्यपाणी सांभाळलं की माणूस धडधाकट राहतो. मी सरांसमोरच रडले. तिचा नवरा तिच्या उशाशी मान खाली घालून – "मी तुला नाटकी म्हणालो." ती म्हणाली, "म्हणालास ना? मग वर्षभर भांडी तुझ्याकडे."

मग सरांनी विचारलं, "आईकडून आलं की वडिलांकडून?" आम्हा दोघींना एकदमच आठवलं. आई! मी अकरा वर्षांची असताना आई अशीच लोळायची, मग भिंतीशी बोलायची. बाबा म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. मामाकडे पाठवली ती कायमचीच. बत्तीस वर्षं झाली. बाबाही गेले. मी वर्षातून एकदा जाते, अर्धा तास बसते आणि निघायला निमित्त शोधते.

१२ मार्च
मामाकडे गेले. आईचं रक्त मीच घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला शीर दोनदा शोधावी लागली. आई म्हणाली, "टोच की नीट! लॅबवाली ना तू?" तिच्यासोबत माझंही रक्त पाठवलं.

२८ मार्च
माझ्यात तो बदल नाही. आईत आहे. मामाच्या ओसरीवर बसून तिला रिपोर्ट वाचून दाखवला. म्हटलं, "आई, तू वेडी नव्हतीस गं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि उठून कपड्यांची पिशवी भरायला लागली.