चौथ्या तारेवरचा मुका सूर

मंगळवार, ४ मार्च

मास्तरांची गिटार माझ्याकडे आली! स्वतः घेऊन आले, पेटी छातीशी धरून, दोन जिने चढून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. धाप लागली होती, तरी पेटी हातात देईनात. आधी टेबल पूस म्हणाले. पुसलं. पुन्हा पूस म्हणाले.

कडेचा सांधा सुटलाय, बोटभर. तेवढा चिकटवून हवाय. सोळा तारखेला दुपारी सभागृहात कार्यक्रम आहे. मनगटाच्या दुखण्यानंतर वर्षाने पहिलाच. दुसरी गिटार घेऊन बसणार नाही, असं आयोजकांना ठणकावून आलेत. म्हणजे ही बरी झाली तरच कार्यक्रम.

विशीत मी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकले. ही कायम समोर असायची, पण हात लावू दिला नाही कधी. आज माझ्या टेबलावर उताणी पडली आहे.

बुधवार, ५ मार्च

काम काही केलं नाही. बघत बसले.

मास्तरांच्या जन्माआधीची आहे ही. पोट एका जाड फळीतून कोरून काढलेलं, व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं. रंग जुन्या मधासारखा. दुपारी खिडकीतून ऊन सरकत तिच्यावर आलं तेव्हा लाकडाच्या आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. उजवा कोपरा टेकतो तिथला रंग पार उडालाय, लाकूड उघडं पडलंय. चाळीस वर्षं एका माणसाचा हात त्याच जागी टेकला की असं होतं. उंबरठ्यासारखं.

तिच्या पाठीवर मी बोटाच्या पेरांनी वाजवून पाहत होते, कान लावून. नवरा चहा घेऊन आला, दारात थांबून बघत राहिला. मग म्हणाला, माझी पाठ दुखते तेव्हा एवढ्या मायेनं कधी ठोकली नाहीस. चहा ठेवून गेला. चहा गार झाला.

त्यांची ती संथ चाल आठवत राहते. जॅझ म्हटलं की लोकांना धावपळ आठवते. मास्तरांचं तसं नाही. तिसऱ्या ओळीत सूर चढत जातात, एकेक पायरी, आणि ऐन माथ्यावर ते थांबतात. एक सूर यायला हवा, येत नाही. सगळं सभागृह श्वास धरून बसतं. मग भलत्याच बाजूने, अलगद, चाल खाली उतरते. त्या शांततेसाठी लोक तिकीट काढतात.

माझी गाडी अडली ती तिथेच. दोन वर्षं प्रयत्न केला. मी थांबले की नुसती थांबल्यासारखी वाटायचे. शेवटी वाजवणं सोडलं आणि दुरुस्तीकडे वळले. तेव्हापासून मास्तर मला कारागीर म्हणतात. आधी ते लागायचं. आता नाही.

गुरुवार, ६ मार्च

सांधा आणखी थोडा उघडून आत दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा घातला. धूळ, कोळ्याचं जुनं जाळं — आणि आतली एक आधारपट्टी सुटलेली! तारांच्या बरोबर खाली, टोकाकडून चार बोटं. आजची नाही ती. कडेला मळ बसलाय, फार जुनी आहे.

त्यांनी सांध्याचंच सांगितलं होतं. पण सुटलेली पट्टी बघून तशीच झाकायची? आमच्या धंद्यात ते होत नाही, हात खाजतात. फोन करून विचारायचं मनात आलं. नाही केला. म्हटलं, कळल्यावर खूश होतील. माझ्याकडून एवढं तरी.

चिकटवायचा सरस गरम केला. आधी पट्टी बसवली, मग सांधा.

शुक्रवार, ७ मार्च

सांधा दाबून धरायला शिकंजे लावलेत. हात लावायचा नाही. दिवसभर त्या खोलीत हळू बोललो दोघंही, कोणी आजारी निजल्यासारखं.

रविवार, ९ मार्च

तारा चढवल्या. मास्तरांची चाल वाजवायचं धाडस झालं नाही. एकेक तार नुसती छेडली आणि विरेपर्यंत ऐकली. जाड तारेचा आवाज फार वेळ राहतो, खोलीतून जातच नाही. खिडकीबाहेर रस्ता चालू होता, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, आणि ते सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं. किती वाजले कळलं नाही. नवऱ्याने हाक मारली तेव्हा कोपऱ्यातला दिवा लागलेला होता.

सोमवार, १० मार्च

सकाळीच आले. स्टूल ओढून बसले, सांध्यावरून नख फिरवलं, हुं केलं. मास्तरांचं हुं म्हणजे शाबासकी.

मग ती चाल. चार हात अंतरावर बसून ऐकली मी! मनगट अजून थोडं अडतं, पण सूर तेच, कोवळ्या उन्हासारखे. तिसरी ओळ. चढत गेले, माथ्यावर आले, थांबले. मी डोळे मिटले.

आणि सूर वाजला.

चौथ्या तारेवर. भरदार, गोल. सहज बोट टेकलं असावं त्यांचं. डोळे उघडले तर मास्तर गिटारकडे बघत होते. पुन्हा वाजवला. पुन्हा.

"हा इथे होता?" त्यांनी विचारलं.

मी पट्टीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग हळूहळू बोलले. गिटार जुनीच घेतली होती, आणि पहिल्या दिवसापासून तो सूर मुका. छेडला की फाटक्या डब्यासारखा वाजायचा. दुरुस्तीला टाकायची तर तेवढे दिवस वाजवायचं कशावर? म्हणून त्या जागी बोट न लावता पुढे जायला शिकले.

"लोक म्हणायचे, मास्तर तिथे ध्यान लावतात. ध्यान कसलं कारागीर, खड्डा चुकवत होतो."

मला हसू आलं नाही. विशीतली माझी दोन वर्षं त्या खड्ड्यात पडली होती. माझ्या साध्यासुध्या गिटारवर तो सूर छान वाजायचा आणि मी तो गिळून बसायचे.

पण ते आता सहा दिवसांनी काय वाजवणार? मी म्हटलं, सरस आहे, वाफेने सुटतो. पट्टी होती तशी करून देते. शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणाले आणि पेटी उचलली. उतरताना जिन्यात दोनदा थांबले.

बुधवार, १२ मार्च

काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, फोन. काय करून ठेवलंस गं माझ्या माणसाला, म्हणाल्या. दोन दिवस एकच सूर वाजवतायत. जेवायला हाक मारली तर तिथूनच हो म्हणतात आणि येत नाहीत. लग्नाला पन्नास वर्षं झाली, माझं एक वाक्य असं दोनदा ऐकलं नाही कधी.

रागावल्या नव्हत्या. पण फोन ठेवताना म्हणाल्या, कार्यक्रम व्हायला हवा गं, वर्षभर त्याच आशेवर उठलेत ते.

झोपेत चालल्यासारखा दिवस गेला. हातातली कामं केली, कोणती ते आठवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आले. पेटी टेबलावर ठेवली, उघडली नाही.

मला वाटत होतं, पट्टी सोडव म्हणावं त्यांनी. खरं सांगायचं तर ती शांतता मला हवी होती. खड्डा असला तरी. तीस वर्षं मी तिच्यासाठी पहिल्या रांगेत बसले आहे. तसं सांगूनही टाकलं.

मास्तरांनी पेटी जवळ ओढली. सूर आहे हे कळल्यावर मुद्दाम मुकं राहायचं म्हणजे नाटक, म्हणाले. आणि नाटक करायला ते या वयात शिकणार नाहीत.

पेटी उचलून गेले. तशीच.

रविवार, १६ मार्च

सभागृह भरलं होतं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, माझ्याहून तोच जास्त घाबरलेला.

ती चाल शेवटी घेतली. तिसरी ओळ आली तशी आजूबाजूची माणसं सरसावून बसली, सवयीने. मास्तर चढत गेले आणि तो सूर वाजवला. सरळ, काही लपवाछपवी न करता. मागे कुणीतरी खोकलं. मला वाटलं, संपलं, आता ही चार चालींसारखी एक चाल.

आणि त्यानंतर ते थांबले.

सुराच्या पलीकडे, जिथे पूर्वी कधी थांबले नव्हते. बोटं तारांवर, डोळे उघडे. तो सूर विरत गेला, विरत गेला, आणि तो गेल्यावर जे उरलं ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मग अगदी हळू, चाचपडत, एक वेगळाच उतार. पहिल्यांदा ऐकत होते मी तो.

चालतच घरी आलो. रस्ता पायांखालून आपोआप जात होता.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी मास्तरांचा फोन. मी थांबण्याबद्दल बोलायला लागले, त्यांनी तोडलं. म्हणाले, "थांबलो नव्हतो. तो सूर वाजला आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. अजून आलेलं नाही. तुला शिकवलं होतं ना मी — तुझ्याकडे आहे का?"

आहे, मी म्हटलं.

दुपारी पेटी घेऊन येतायत. माझी गिटार माळ्यावरून काढली आहे.