खारातल्या काकडीचे काप

प्रिय बाबा,

आधी रागावून घे. तुझा फोटो श्रावणापासून कपाटात आहे, आईच्या जुन्या साड्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. चंदनाचा हार वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या खणात ठेवलाय. वर्षाच्या आत बापाला कपाटात कोंडलंस, असं आत्या फोनवर बोलून झाली आहे. तेव्हा तू काहीतरी नवीन शोध.

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. घरात नाही केलं. आम्ही दोघा भावंडांनी, मी आणि मिलिंदने, खाडीकाठच्या देवळात जाऊन गपचूप उरकलं. भटजींना आधीच बजावलं होतं, घरी फोन करू नका म्हणून. आईला सांगितलं, मिलिंदच्या गाडीचं काम आहे, दुपारपर्यंत येतो. तू गेलास, हे आपल्या घरात बोलायचं नाही. ही बंदी माझीच आहे, पण आजच्या दिवशी तरी कुठेतरी ते बोलायला हवं ना? म्हणून लिहितेय. बाबा, तू गेलास. वर्ष झालं.

आता असं का, ते ऐक.

तुझं मीठ बंद झालं तो दिवस आठवतो का? जन्म नायगावच्या मिठागरांवर गेला तुझा. टाचांच्या भेगा कधी भरल्या नाहीत आणि सायकलच्या कॅरियरवरचं गोणपाट कधी सुकलं नाही. आणि दवाखान्यातली ती पोरगेलीशी डॉक्टर म्हणाली, "काका, किडन्या थकल्यात. आता मीठ नाही. लोणचं तर स्वप्नातसुद्धा नाही."

"मग खाऊ काय, साखर?" तू विचारलंस.

"साखरही नाही," ती म्हणाली, आणि तुम्ही दोघं हसलात. मीही हसले. आई हसली नाही.

घरी आल्या आल्या तिने मिठाची बरणी उचलली आणि खाली वॉचमनच्या बायकोला देऊन आली. बरणीसकट! मी म्हटलं, अगं आई, डॉक्टरांनी बाबांचं बंद केलंय, आपलं नाही. तर म्हणाली, "ते अळनी खातील नि मी समोर बसून चवीचं खाऊ? येवढी पन भूक नाय मला." मी मुकाट्याने डब्याच्या पिशवीत मिठाची पुडी ठेवायला लागले. कामावर गेले की वरणावर भुरभुरायची. आईने मात्र तीन वर्षं जिभेवर खडा ठेवला नाही.

एक विचारू? तू तेव्हा तिला एकदा तरी का नाही म्हणालास, बाई, तू खा म्हणून? तुझं ती ऐकायची. फक्त तुझंच ऐकायची. तू जेवताना तिच्याकडे बघायचास आणि गप्प राहायचास. तुला सोबत बरी वाटत होती का रे? त्या गप्प राहण्याची किंमत आता मी मोजतेय, म्हणून विचारलं.

आणि ते काप. बाकी स्वयंपाकघरात तुला चहासुद्धा धड येत नव्हता, पण खारातल्या काकडीचे काप करायचे तर तूच. त्या दिवशी आईला ओट्याजवळ फिरकू द्यायचा नाहीस. मिठागरावरचं जाडं मीठ पाण्यात विरघळवायचास आणि त्यात कच्चं अंडं सोडायचास. अंडं वर आलं आणि त्याचा रुपयाएवढा गोल पाण्याबाहेर दिसला की खार जमला. मग त्यात कोवळ्या काकड्या बुडवायच्या, वर लसूण, मिरची, आणि बरणीचं तोंड फडक्याने बांधून आठवडाभर कोपऱ्यात. मी लहानपणी रोज फडकं उचलून वास घ्यायची आणि तुझी टपली खायची.

तळायच्या दिवशी त्या काकड्या तासभर साध्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे खार उतरतो. मग चकत्या. चकत्या जुन्या लुगड्यावर पसरून अशा टिपायच्या की थेंब राहता कामा नये. "पानी राहिलं तर तेल भांडतं," तू म्हणायचास. वर तांदळाचं पीठ, हळद, तिखट, हिंग. पिठात मीठ घालायचं नाही, काकडीत आहे तेवढं बास. कडकडीत तेलात सोडायचे आणि सगळ्यांना आधीच पाटावर बसवून ठेवायचं, कारण काप ताटात थंड झाला की मेला. तुझेच शब्द. कुरकुर आवाज आला नाही तर तू खाणाऱ्याकडे असा बघायचास की जणू त्यानेच बिघडवलाय.

शेवटच्या आठवड्यात तू आईकडे तेच मागितलंस. अंगावर सूज, हाताला पट्ट्या, आणि म्हणालास, "एकच दे गो. मीठ धुवून दे पायजे तर." मी तिथेच उशी बदलत होते. आई म्हणाली, "बरं वाटू दे, मग." तू मान वळवलीस. गुरुवारी तू गेलास.

दहाव्याला पानावर जे वाढलं, तेही अळणी होतं. पान वाढताना मिलिंदच्या लक्षात आलं, ओट्यावर मीठच नव्हतं. तो म्हणाला, "आई, आता तरी घाल गं मीठ." आईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरांनी नको सांगितलंय." पान तसंच ठेवलं. बाबा, तुझ्या पानावरसुद्धा आम्ही मीठ ठेवलं नाही.

तू गेल्यावर मी वाट पाहिली. म्हटलं, तेरावं होऊ दे, महिना होऊ दे, सुरू करील. छे. मी नवीन बरणी भरून आणली, ती तिने माळ्यावर टाकली. चोरून वरणात चिमूटभर घातलं, तर पहिल्या घासालाच वाटी बाजूला. मिठागरवाल्याची बायको ती, तिच्या जिभेला काय फसवणार? भांडले. रडले. शेजारच्या काकूंना मध्ये घातलं. आई शांतपणे म्हणाली, "त्यांनी येक मागितला होता. मी नाय दिला. आता मी कशाला खाऊ?" यावर काय बोलायचं, सांग ना. तुला सुचलं असतं काही?

मग ती पडली. सकाळी चहा घेऊन गेले तर पलंगाजवळ खाली बसलेली, मलाच विचारते, कोन गो तू? ॲडमिट केलं. सोडियम पार खाली गेलेलं. मोठे डॉक्टर माझ्यावरच ओरडले, या वयात मीठ बंद करायला कोणी सांगितलं, लोणचं-पापड खाऊ द्या, पुन्हा असं आणलंत तर मेंदूवर जाईल, मग माझ्याकडे येऊन रडू नका. नळीतून मीठ दिलं. तिसऱ्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली आणि मी बाहेर दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले.

घरी आणली, महिनाभरात पुन्हा तेच. अरे, कारण फार सोपं आहे, ते कळायला मला वेळ लागला इतकंच. नळीतून मीठ अंगात गेलं की तिचं डोकं ठिकाणावर येतं. डोकं ठिकाणावर आलं की तू गेल्याचं आठवतं. आठवलं की ती ताट सरकवते. आणि मीठ कमी होत होत डोकं पुन्हा फिरलं की तू जिवंत. मग ती दोन कप मांडते, तुझा टॉवेल बाथरूममध्ये टांगते, मला म्हणते हळू बोल, डोळा लागलाय त्यांचा. त्या दिवसांत ती किती खुशीत असते, माहितेय? मला वाटायचं, राहू दे अशीच. पण अशी राहिली तर जगणार नव्हती.

श्रावणात होळी नावाच्या गावातली भाजीवाली कोवळ्या काकड्या घेऊन आली आणि मी वेड्यासारख्या दोन किलो घेतल्या. म्हटलं, वासाने तरी जीभ चाळवेल. अंडं सोडून खार केला. पहिल्यांदा अंडं तळालाच बसलं, तुला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि आणखी मीठ ओतलं. रविवारी तळायला घेतले. एक चकती नीट टिपली नव्हती, तेल भांडलंच. मनगटावर डाग आहे अजून.

तेवढ्यात आई आली. डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी. आली आणि पहिलं काय केलं असेल? स्वयंपाकघराचं दार लावलं. पायपुसणं सरकवून खालची फट बुजवली. खिडकी सताड उघडली. मला म्हणाली, "अक्कल हाय का गो तुला? त्यांना वास जाईल ना."

माझा झारा हातातच राहिला. मग मी म्हटलं, "ते झोपलेत, आई."

"गाढ?"

"गाढ."

तिने झाऱ्यातला एक काप उचलला. कढईजवळ उभी राहून, पदर तोंडाशी धरून, चोरासारखा खाल्ला. कुरकुर आवाज झाला तशी दाराकडे बघून थांबली. मग दुसरा. मग तिसरा. साडेतीन वर्षांनी तिच्या तोंडात मीठ गेलं, बाबा, आणि ते तू पलीकडच्या खोलीत झोपला होतास म्हणून.

त्याच संध्याकाळी मी तुझा फोटो उतरवला. आता कळलं का?

तेव्हापासून हेच चाललंय. दिवसाआड काप. बाजारातल्या काकड्या संपल्या तेव्हा खारातल्या मिरच्या तळल्या, कैरीच्या फोडी तळल्या. दार लावायचं, फट बुजवायची, आई विचारणार झोपले का, मी म्हणणार झोपले. तुझ्या नावाने मी इतकं खोटं बोलले आहे की आता कधी कधी मीच पाऊल हळू टाकते. रडायचं असलं की जिन्यात जाते. अकराव्या मजल्यावरून तुझं मिठागर दिसतं. अर्ध्यावर भराव पडलाय, उरलेलं पांढरं पडून आहे. तिथे कोणी नसतं.

रिपोर्ट सुधारत गेला. डॉक्टर खूश. आणि मी घाबरलेली, कारण आईचं बोलणं स्वच्छ व्हायला लागलं. मिलिंदच्या मुलाची परीक्षा कधी, हे तिला माझ्याआधी आठवायला लागलं. मला कळत होतं, एक दिवस ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघणार आणि ताट सरकवणार.

तो दिवस आजचाच निघाला.

देवळातून आलो, मिलिंद खालूनच गेला. मी काप तळायला घेतले. आई मागे स्टुलावर बसली होती. मी पहिला घाणा काढला आणि तिच्यापुढे ताटली ठेवली. तिने हात लावला नाही.

"झालं का नीट सगळं?" तिने विचारलं.

"गाडीचं ना? झालं."

"सुनी. माझ्याकडं बघ." मी बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते तिचे. "वर्ष झालं ना गो आज? पानावर काय ठेवलास?"

माझ्या तोंडून खोटं निघेना. म्हटलं, "काप ठेवले, आई. सकाळी तळून नेले होते. खारातले. मीठ धुतलं नाही."

ताटलीतले काप थंड होत होते आणि मला तुझं ते कापाचं बोलणं आठवत होतं. शेवटी मीच म्हटलं, "फोटो काढू का बाहेर? लावू का परत?"

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आतच. समोर आसले की माझ्या घशाखाली उतरत नाय. मला ठावं हाय कुठं हाय ते. साड्या काढायला गेले की बघते."

म्हणजे तिला माहीत होतं, बाबा. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मग ती उठली. दार लावलं. वाकून पायपुसणं फटीला लावलं, गुडघे दुखतात तरी स्वतः लावलं. म्हणाली, "दुसरे काढ. हे मऊ पडले. नि हळू, त्यांना वास जाईल."

मी दुसरा घाणा काढला. ती रडत खात होती. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक काप तोंडात धरून मऊ करून मग चावत होती. तुझे कुरकुरीत काप, बाबा, असे खाल्लेले तुला चालले असते का?

तुझा फोटो भिंतीवर लागणार नाही. आत्याने काहीही म्हणू दे. आई आहे तोवर तू कपाटातच राहशील, आणि या घरात तू झोपलेला असशील. दर खेपेला आधी दार लावीन, फट बुजवीन, मगच कढई ठेवीन, तुझ्यापर्यंत वास येऊ देणार नाही. आई नसेल त्या दिवशी दार उघडं टाकीन आणि पहिला घाणा तुम्हा दोघांसमोर ठेवीन. हे वचन. तोवर उठू नकोस.

तुझी,
सुनी