यंत्राला आधी विचारलंस, बरं केलंस

कापडे,
ता. २३ ऑक्टोबर १९६७

चि. चंद्रभागा हिला आत्याचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी धडधाकट आहेत. काळी गाय व्याली, पाडी झाली. तुझ्या वाटचा खरवस आम्हीच खाल्ला, रागावू नकोस.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या ऑफिसातलं खोलीएवढं गणकयंत्र, त्याला चालवणाऱ्या सूचना अधूनमधून बदलतात, म्हणून काम घालण्याआधी 'आज तुझ्यात कोणत्या सूचना आहेत' असं तू त्यालाच विचारतेस. परवा विचारलंस तर नव्याच निघाल्या! कुणी सांगितलंही नव्हतं. तू काम अडवलंस, साहेब ओरडले, मग तपासलं तर तुझंच खरं निघालं. पोरी, माझी मान ताठ झाली. शेजारच्या साळूबाईला वाचून दाखवलं तर म्हणते, "यंत्राला नाव इचारायचा पगार मिलतो? मला पण चिकटव गो!"

तुझा बाप रावजी मात्र हसला नाही. आता सांगतेच. त्याने तुझ्यासाठी बिरवाडीचं स्थळ पाहिलं होतं. त्यांची अट होती, मुलीने नोकरी सोडायची. दिवाळीला आलीस की परत पाठवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तुला कळवायचं काम माझ्यावर टाकलं आणि मी आपली दर पत्रात गाईगुरांचं लिहीत बसले.

एरवी बियाणं मीच पारखते, पण यंदा पेरणीला मी पोलादपूरला होते. बियाणाचा दाणा तळहातावर चोळून पाहायचा, आतून लाल निघाला तर ते उशिरा पिकणारं गरवं भात, हे तुला ठाऊक आहे. रावजीने घाईत पाहिलंच नाही. गरवं पडलं वरच्या, पाणी न टिकणाऱ्या शेतात. पाऊस सरला, लोंब्या पोकळच राहिल्या.

काल बांधावर त्या लोंब्या कुस्करता कुस्करता म्हणाला, "आक्का, चंद्रीचा कागद परत वाच."

वाचला.

"म्हंजे आत काय हाय ते बघूनच हात लावते?"

"व्हय."

"आन् सायबाला थांबवलान?"

"थांबवलान."

हातातला भुसा झटकून घराकडे निघाला. आज सकाळच्या एस.टी.ने बिरवाडीला जाऊन सांगून आला, "पोरगी नोकरी सोडणार नाय. चालत असंल तर बोला." त्यांना चालत नाही. हा घरी येऊन भाकरी मागून जेवला आणि आता भेटेल त्याला सांगत सुटलाय, माझ्या पोरीने सायबाला थांबवलं म्हणून.

दिवाळीला ये. परतीच्या गाडीत तुला बसवून द्यायला महाडला तोच येणार आहे.

तुझी आत्या तुळजाबाई,
आणि शेजारी बसून "लिवलंस का, लिवलंस का?" करणारा तुझा बाप